पांढरी पाच, जरा चढी

काल म्हापशाच्या बाजारात, भर दुकानात, एका गृहस्थांनी माझ्या इलेक्ट्रिक गिटारला तानपुरा म्हटलं. पंखा दुरुस्तीला घेऊन आलेल्या एका बाईंनी त्यावर मान डोलावली. घरचे म्हणतात, सोडून दे. मी सोडणार नाही.

मागचं थोडक्यात उरकतो. खाऱ्या हवेनं गिटारचे कंट्रोल खरखरायला लागले, म्हणून ती किनारपट्टीवरच्या एका तज्ज्ञाकडे दिली. (किनाऱ्यावर हल्ली योगशिक्षक आणि गिटारतज्ज्ञ यांचं पीक जोरात आहे.) त्यानं आतलं वायरिंग सगळं नवं केलं, पैसे मोजून घेतले, बिल दिलं नाही आणि ‘एकदम स्टुडिओ साउंड’ म्हणून गिटार हातात ठेवली. घरी अॅम्पला लावली. तारांचा आवाज पकडणारे तिन्ही पिकअप एकेकटे ठीक. मधला दुसऱ्या कुणाबरोबर जोडीनं लावला की आवाज बसलेला, पोकळ, आणि वर अखंड घूंऽऽ.

फोन केला. तज्ज्ञ म्हणाला, ‘दादा, ह्युमिडिटी आहे. पाऊस जाऊ दे, बघू.’

हे एक फार सोयीचं आहे. पावसाळ्याचे चार महिने गोव्यात कुणाचीच चूक नसते. दार लागत नाही, दमट हवा. मिक्सर फिरत नाही, दमट हवा. दर्जीकडचा सदरा खांद्यात घट्ट झाला तरी तो आकाशाकडे बोट दाखवतो. पण ही दमट हवा माझ्या गिटारमध्ये शिरून पिकअप निवडायच्या स्विचच्या नेमक्या दोनच खाचांत बसते आणि बाकीच्या तीन सोडते, एवढी शिस्त हवेला कुठून आली?

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर गिटारची तार थरथरली की या वेढ्यांत वीज खेळते. पण हे वेढे ट्यूबलाइटची आणि ट्रान्सफॉर्मरची घरघरही तितक्याच प्रेमानं उचलतात. त्यावर तोड अशी की मधल्या पिकअपचं चुंबकही उलटं आणि गुंडाळीही उलटी. मग जोडीनं लावल्यावर सुरांची बेरीज होते आणि घरघरीची वजाबाकी. मधल्याच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की हिशेब फिरतो: सूर वजा, घरघर अधिक. म्हणजे माझी आताची गिटार.

१९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आली तेव्हा स्विचला तीनच खाचा होत्या. वाजवणारे तो दोन खाचांच्या मधे अडकवून जोडीचा आवाज काढायचे. कंपनीनं पाच खाचांचा स्विच दिला तो १९७७ साली. ज्या आवाजासाठी लोक तेवीस वर्षं थांबले तो तज्ज्ञानं माझ्या नकली स्ट्रॅटमधून एका दुपारीत काढून टाकला.

तर म्हापसा. दिवस शुक्रवारचा, म्हणजे बाजाराचा. दुकान पंखे, इस्त्र्या आणि भजनी मंडळांचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारं. दुकानदार काकांनी ‘कितें जालें?’ एवढंच विचारलं आणि गिटारची पिन दुरुस्तीला आलेल्या एका थोरल्या स्पीकरमध्ये खुपसली. घूंऽऽ. फळीवरचे स्क्रू नाचायला लागले.

कोपऱ्यात स्टुलावर एक बुवा बसले होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला मंडळाचा अॅम्प्लिफायर. त्यांनी डोळे मिटले आणि तर्जनी वर केली.

‘थांबा. बंद करू नका.’

कुणी करतही नव्हतं.

‘पांढरी पाच,’ बुवा म्हणाले. ‘जरा चढी.’ म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, सूर किंचित वर.

आणि त्यांनी आऽऽ लावला. तो त्या घरघरीत असा मिसळला की बाहेर पापलेटाचा भाव करणारा माणूस भाव सोडून आत डोकावला.

‘खर्ज काय सुंदर आहे! हलत नाही, डुलत नाही.’

‘बुवा, तो बिघाड आहे.’

‘बिघाड कसला? न वाजवता सूर धरलाय तिनं. आमच्या पेटीवाल्याला वाजवूनसुद्धा धरता येत नाही.’ पंखेवाल्या बाईंनी मान डोलावली ती इथं. ‘हा तानपुराच आहे. फक्त आकार चुकलाय.’

मी म्हटलं, ही गिटार आहे, हिच्यावर भावगीतं वाजवायची आहेत, चतुर्थीचा कार्यक्रम तोंडावर आलाय. बुवांनी गिटारची उघडी पाठ पाहिली. आतला वायरींचा गुंता पाहून त्यांना माझी दया आली असावी.

‘एवढ्या वायरी कशाला? घुमट बघा. मातीचं मडकं. सरकारनं २०१९ साली त्याला राज्याचं वारसावाद्य केलं. त्यात आहे वायर? पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, ते कायद्यानं बंद झालं. बकऱ्याचं लावलं. वाजायचं थांबलं का?’

नाही थांबलं. यावर काय बोलणार?

‘चतुर्थीला रात्री रिकामी असते का ही?’

‘गिटार?’

‘नाही, घूं. पाच दिवस आरत्या आहेत आमच्याकडे. तुम्ही आला नाहीत तरी चालेल. नुसती लावून ठेवायची.’

इतकी वर्षं बोटांना घट्टे पाडून घेतले, आणि मला आपणहून आलेलं पहिलं आमंत्रण मी न येण्याच्या अटीवर! संताप होतो तो याचा. त्यात भर म्हणजे माणूस चुकीचाही नव्हता. घरी येऊन हिशेब केला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. खर्जातली पांढरी पाच बसते ४९ वर. जरा चढीच.

काकांचं या संगीतसभेकडे लक्ष नव्हतं. त्यांनी मल्टिमीटर लावला. तिन्ही पिकअप सहा हजार ओहमच्या आसपास, म्हणजे आतली तार कुठं तुटलेली नाही. मग ड्रॉवरमधून काट्याचा जुना मीटर काढला. स्क्रू ड्रायव्हर पिकअपच्या खुंटीवर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. पुढचा: काटा उजवीकडे. ब्रिजकडचा: उजवीकडे. मधला: डावीकडे.

‘उलटें,’ काका म्हणाले.

निदान संपलं. एका शब्दात. हवेचा उल्लेख नाही.

तज्ज्ञानं लावलेला सोल्डरचा गोळा मळकट करडा होता, त्यातून वायरीचा एक धागा बाहेर आलेला. काकांनी तो वितळवला, रोझिनचा धूर बुवांच्या तोंडावर गेला, दोन वायरींनी जागा बदलल्या. स्विच त्याच खाचेत. स्पीकर गप्प. मी एक कॉर्ड वाजवला. भरलेला, स्वच्छ, काचेवर टिचकी मारावी तसा.

बुवांनी डोळे उघडले.

‘गेला?’

‘काय?’

‘षड्ज.’ त्यांचा चेहरा पाहवेना. मग काकांकडे वळून हळूच: ‘परत फिरवता येईल ना?’

काकांनी खरंच विचार केला. ‘जाता,’ म्हणाले. म्हणजे येईल.

मी गिटार पिशवीत कोंबली. स्विच एक खाच सरकवला असता तर घूं थोडी परत आली असती, पिकअप एकटा असला की ती येतेच. पण हे मी बुवांना सांगितलं नाही. का सांगू?

काकांनी घेतले ५० रुपये. तज्ज्ञानं किती घेतले ते इथं लिहीत नाही, घरात हा लेख वाचला जातो. पैशाचं दुःख एकवेळ गिळता येतं. पण वायर कुठली कुठं जोडली याचा साधा कागदावर नकाशा हे लोक देत नाहीत. मागितला तर जणू तिजोरीची किल्ली मागितली. मोटारसायकलवाला निदान जुना पार्ट हातात ठेवतो; इथं काय बदललं हेच गुपित. आणि चूक निघाली की पाऊस.

संध्याकाळी त्याला फोन करून सांगितलं, मधल्या पिकअपच्या वायरी उलट्या होत्या, आता सरळ केल्या.

‘म्हणजे दुसऱ्या कुणी उघडली?’ तज्ज्ञ दुखावला. ‘मग दादा, वॉरंटी गेली.’

‘वॉरंटी कधी दिली होती?’

‘तोंडी होती.’