ड्रॅगन क्वेस्ट ५ पहिला, बाकी सगळे नंतर

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत ताटकळायला नको. जुन्या कन्सोलवरच्या जपानी आरपीजींमध्ये (रोल प्लेइंग गेम, एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायची), म्हणजे सुपर निंटेंडो आणि पहिल्या प्लेस्टेशनच्या जमान्यातल्या, सगळ्यात भारी गेम क्रोनो ट्रिगर नाही, फायनल फँटसी ६ नाही आणि ७ तर नाहीच नाही. ड्रॅगन क्वेस्ट ५. १९९२ चा. दीड एमबीची कॅसेट, म्हणजे आज सकाळी सकाळी काकांकडून येणारा गुड मॉर्निंगचा व्हिडिओ याच्यापेक्षा जड असतो.

कुठलीही टॉप टेन उघडा, तेच दोन-तीन गेम आलटून पालटून वर असतात. का, तर याद्या बनवणारे बहुतेक अमेरिकेत वाढलेले, आणि त्यांच्या दुकानात जे आलं तेच त्यांच्या मते क्लासिक. त्यांच्याकडे काय काय आलंच नाही ते बघा ना. फायनल फँटसी ४ तिकडे २ म्हणून विकला, ६ ला ३ म्हटलं, कारण मधले आलेच नव्हते. ५ नंबरचा तर प्लेस्टेशनवर १९९९ मध्ये पोचला, तोवर लोकांनी स्वतःच ट्रान्सलेशन करून एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) खेळून टाकला होता. आणि ड्रॅगन क्वेस्ट काढणाऱ्या एनिक्स कंपनीने नव्वदच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतलं ऑफिसच गुंडाळलं, त्यामुळे ड्रॅगन क्वेस्ट ५ आणि ६ सुपर निंटेंडोवर इंग्लिशमध्ये आलेच नाहीत. ५ अधिकृतपणे इंग्लिशमध्ये आला तो २००९ मध्ये, निंटेंडो डीएसवर. सतरा वर्षांनी! तोवर ती पोरं पस्तिशीला टेकली होती, नोकरी, होमलोन, आणि आयुष्यातला सगळ्यात भारी गेम कुठला याचा निकाल लावून मोकळी झाली होती. जपानमध्ये तोच गेम २८ लाखांच्या आसपास खपला होता पण ते विचारतंय कोण.

आता हे त्यांचं झालं, त्यांचं बालपण त्यांना लखलाभ. पण आपलं काय? नव्वदीत आपल्याकडे घरोघरी जो टीव्ही गेम होता त्यात काँट्रा, मारिओ, बदकं मारायची बंदूक आणि "९९९९ इन १" लिहिलेली कॅसेट ज्यात खरे गेम दहा-बाराच. सेव्ह हा प्रकारच नाही. लाइट गेली की परत पहिल्यापासून, आणि सांगलीत लाइट जायचीच. सुपर निंटेंडो मी लहानपणी कुणाच्याही घरी बघितला नाही. आरपीजी म्हणजे तीस-चाळीस तासांचं काम, ते आपल्याला भेटले कॉम्प्युटर आणि एम्युलेटर आल्यावर, कॉलेजात. आणि तरी मराठी गेमिंग ग्रुपवर पोस्ट पडतात, "क्रोनो ट्रिगरने माझं बालपण घडवलं". कुठे रे बाबा, मिरजेत? १९९५ मध्ये? आपण दुसऱ्याची नॉस्टॅल्जिया उसनी आणून मिरवतोय. खरं तर आपल्याला या गेम्सकडे कोऱ्या डोळ्यांनी बघता येतं, तो फायदा कुणी घेतच नाही.

तर कोऱ्या डोळ्यांनी.

ड्रॅगन क्वेस्ट ५ मध्ये तुम्ही सहा वर्षांचं पोरगं असता. बाबाबरोबर गावोगाव फिरणारं. बाबाचं नाव पँक्राझ, आणि तो काय जबरदस्त आहे हे गेम कुठलाही डायलॉग न मारता सांगतो. लढाई सुरू झाली की तुमच्या हातातली काठी एखादा पॉइंट घेणार आणि बाबा एका टर्नमध्ये दोनदा तलवार चालवून विषय संपवणार. तुम्हाला थोडं लागलं की हीलिंगचा मंत्र टाकायलाही तोच. त्याला कमांड तुम्ही देत नाही, तो आपला आपण करतो. लहान असताना बाबा असाच असतो ना, तो काय करतो ते आपल्या हातात नसतं, आपण नुसतं मागे चालायचं.

(पुढे स्पॉयलर आहेत. ३० वर्षांहून जुना गेम आहे, रडू नका.)

मग एक लढाई येते. लाड्जा नावाचा जादूगार पोराच्या गळ्याला कोयता लावून उभा, आणि समोर त्याचे दोन राक्षस पँक्राझला मारतायत. स्क्रीन तोच, नेहमीचा लढाईचा, मेसेजही तसेच, अमक्याने हल्ला केला, तमकं डॅमेज झालं. फक्त बाबा हात उचलत नाही. आणि तुम्ही हातात कंट्रोलर घेऊन बसलाय आणि काहीही करू शकत नाही, हेल्थचा आकडा खाली खाली जाताना बघायचा. ना व्हिडिओ, ना व्हॉइस ॲक्टिंग, ना क्लोजअप. एवढ्या वेळ ज्या सिस्टिमने "बाबा आहे, काळजी नको" असं सांगितलं त्याच सिस्टिमने त्याला मारलं. मरताना तो सांगतो की तुझी आई जिवंत आहे, तिला शोध. पुढची दहा वर्षं तुम्ही गुलाम. अंगावर चिंध्या, डोंगरावर कुठल्या तरी पंथाचं देऊळ बांधायला दगड वाहताय. हे १९९२ मध्ये, ज्या सिरीजला लोक आजही "लहान मुलांचं, स्लाइमवालं" (स्लाइम म्हणजे तिच्यातला थेंबासारखा राक्षस) म्हणून उडवून लावतात तिच्यात.

तो स्लाइम काढणारा माणूस कोण माहितीये ना? अकिरा तोरियामा. कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी बघून शाळेत हात पुढे करून ओरडणारी आपली अख्खी पिढी त्याला ओळखते, आणि त्यानेच १९८६ पासून ड्रॅगन क्वेस्टचे राक्षस काढले हे निम्म्यांना माहीत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये तो गेला तेव्हा माझ्या टाइमलाइनवर सगळीकडे गोकू होता, स्लाइम एकही नाही. असो.

पुढे गुलामीतून पळता, बाबाचं पत्र मिळतं, त्याने लपवून ठेवलेली तलवार मिळते. जो वीर सैतानाला मारणार त्याची तलवार. आता कुठल्याही गेममध्ये काय होईल? हिरो तलवार उचलेल, बॅकग्राउंडला तुतारी. इथे तुम्ही मेनू उघडता, इक्विप करायला जाता आणि ती होतच नाही. तुम्ही तो वीर नाहीच. मला पहिल्यांदा वाटलं रॉममध्ये, म्हणजे गेमच्या फाइलमध्ये, बग आहे. अख्खा गेम ज्याच्या नावाने चाललाय तो तुम्ही नाही, मग कोण? ते कळतं कधी, तर तुमचं लग्न होतं, जुळी मुलं होतात, बायकोला पळवतात, आणि तिला शोधायला गेलेल्या तुमचा, तिच्यासकट, दगड करून टाकतात. दगडाचा पुतळा! तो विकला जातो, एक श्रीमंत माणूस तो घराबाहेर शोभेला ठेवतो, ऋतू बदलत राहतात, त्याचं बाळ रांगायला लागतं आणि तुम्ही बघत उभे. आठ वर्षं. मग तुमचीच मुलं तुम्हाला शोधत येतात, आणि ती तलवार तुमच्या पोराच्या हातात बसते. ज्या पोराला तुम्ही वाढताना बघितलंच नाही त्याच्या.

म्हणजे बाबा, तुम्ही, मुलगा. तुम्ही मधले. ही सिरीज रचणाऱ्या युजी होरी या माणसाने लोकांना पैसे देऊन हिरो व्हायला बोलावलं आणि त्यांना हिरोचा बाप केलं, याला हिंमत लागते राव.

आणि आता क्रोनो ट्रिगरवाल्यांनी जरा जवळ या. गंमत म्हणजे तोही याच होरीचा आणि याच तोरियामाचा, शिवाय फायनल फँटसीवाला साकागुची. गेम सुंदर आहे, वाद नाही. सुरुवातीच्या जत्रेत म्हाताऱ्याचा डबा तुम्ही सहज म्हणून खाल्लात की पुढे कोर्टात तेच तुमच्यावर काढतात, इतकी हुशार गोष्ट आजच्या कोट्यवधी डॉलरच्या गेममध्येही दिसत नाही. रोबो जंगल वाढवायला ४०० वर्षं एकटा मागे थांबतो तो भाग तर विचारूच नका. पण टाइम मशीन हातात आलं की तिथे जवळजवळ सगळं दुरुस्त होतं. वाळवंटाचं जंगल होतं, मेलेला हिरो परत आणता येतो, जग वाचतं. ड्रॅगन क्वेस्ट ५ मध्ये भूतकाळात जाणं एकदाच आहे. लहानपणी गावात एक अनोळखी तरुण भेटलेला असतो, तो तुमचा सोन्याचा गोळा बघायला मागतो, परत देतो, कितीही वाईट झालं तरी हरू नकोस म्हणतो आणि निघून जातो. वीस-पंचवीस तासांनी तुम्ही मोठे होऊन एका चित्रातून त्याच गावात पोचता आणि टाळकं फिरतं, की तो तरुण आपणच होतो. समोर सहा वर्षांचे तुम्ही. आणि घरात बाबा. जिवंत. त्याला सांगता येतं की तिकडे जाऊ नकोस. गेम तुम्हाला ते सांगू देतो, आणि तो ऐकत नाही. तुम्ही गोळा बदलता आणि परत येता. मला क्रोनो ट्रिगरचे सगळे एंडिंग एका पारड्यात टाकले तरी हे पारडं वर जाताना दिसत नाही.

फायनल फँटसी ६ बद्दल माझं जरा वेगळं आहे, तो मला जीव लावलेला गेम आहे आणि म्हणूनच त्याचा राग येतो. अर्ध्यावर व्हिलन जिंकतो, जग खरंच संपतं आणि एका बेटावर आपल्या टीममधली सेलेस एकटी, आजारी म्हाताऱ्या सिडला मासे पकडून खायला घालतेय. चपळ मासे दिले तर तो जगतो, संथ पोहणारे दिले तर तब्येत आणखी बिघडते, आणि हे तुम्हाला कुणी नीट सांगत नाही. तो गेला तर ती कड्यावरून उडी घेते. मासे पकडणं या फालतू मिनीगेमवर एवढं ओझं टाकणारे लोक जीनियस होते. मग प्रॉब्लेम काय? १४ जण आहेत, प्रत्येकाची स्वतःची कला, कुणी चोर, कुणी जुगारी, कुणी ट्रेनला उचलून आपटणारा (हो, आख्खी ट्रेन). आणि मग मॅजिसाइट (मंत्र शिकवणारे दगड) येतं आणि जवळजवळ कोणालाही कुठलाही मंत्र शिकवता येतो. शेवटी शेवटी बहुतेक सगळे तोच अल्टिमा मंत्र टाकतायत. गोष्ट म्हणते प्रत्येकजण वेगळा, लढाई म्हणते सगळे सारखेच. शिवाय ओरिजिनलमध्ये इव्हेड (हल्ला चुकवण्याचा) हा आकडा बगमुळे कामच करायचा नाही, ते सोडून दिलं.

७ वर मी जास्त बोलणार नाही कारण त्यावर बोलणारे गल्लोगल्ली आहेत. आपल्या पार्टीतली एरिथ मरते तेव्हा लोक त्या व्हिडिओबद्दल बोलतात. मला लागलं ते नंतर, पार्टीचा मेनू उघडल्यावर, तिची जागाच नाही. तिच्यावर घालवलेले तास, लिमिट ब्रेक (खास हल्ले) शिकवण्याची मरमर, सगळं पाण्यात. तेवढं एक त्यांना जमलं. झेनोगिअर्सच्या दुसऱ्या डिस्कमध्ये तर पात्रं खुर्चीत बसून उरलेली स्टोरी तोंडी सांगतात, त्याला क्लासिक म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. सुइकोडेन २ मात्र खरंच जवळ येतो. त्यातल्या व्हिलनला, लूका ब्लाइटला, पाडायला सहा-सहाच्या तीन तुकड्या एकामागून एक पाठवाव्या लागतात, वर परत एकट्याने द्वंद्व, तेव्हा कुठे तो पडतो, आणि त्यामुळे तो माणूस केवढा होता हे तुमच्या बोटांना कळतं. माझा दोन नंबर तोच.

आता ड्रॅगन क्वेस्ट ५ मध्ये काय खटकतं तेही सांगते, नाहीतर म्हणाल भक्त आहे. दिसायला तो तेव्हाही मागासलेला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फायनल फँटसी ५ आला, त्याच्या जॉब सिस्टिमपुढे (पात्रांचे पेशे बदलायची सोय) इथली लढाई बाळबोध आहे. ओरिजिनलमध्ये लढायला तिघेच. पावलापावलावर राक्षस आडवे येतात. पण हरवलेला राक्षस कधी कधी उठून तुमच्याकडे बघतो आणि तुमच्यात सामील होतो, हे पोकेमॉनच्या चार वर्षं आधी, त्यामुळे त्या आडवं येण्याचाही वैताग न होता चटक लागते. (मेगामी टेन्सेई या सिरीजने हे त्याही आधी केलंय, माहितीये मला, बोंबलू नका.) आणि ते मांजराचं पिल्लू! लहानपणी दोन वांड पोरांच्या तावडीतून सोडवलेलं, गुलामीत हरवलेलं. मोठं होऊन ते गुहेत अंगावर येतं तेव्हा बॅगेत उगाच पडून राहिलेली, लहानपणच्या मैत्रिणीची, बियांकाची रिबन काढायची. वास घेतं आणि ओळखतं. एवढी वर्षं ती रिबन मेनूत एक जागा अडवून बसलेली असते, काही कामाची नाही म्हणून मी ती विकायच्या विचारात होते.

लग्नाचं विचाराल (बायको तुम्हीच निवडायची असते) तर बियांका. नेराशी केलंत तर सासरा पैसे आणि सामान पाठवतो, गेम सोपा जातो, मुलांचे केस निळे होतात, सगळं मान्य. डीएसवर तिसरी डेबोराही आहे, ती तुम्हाला नोकरासारखं वागवते आणि तिच्यासाठी जीव टाकणारे पण आहेत, त्यांच्याशी मी बोलत नाही. पण ज्या पोरीबरोबर सहाव्या वर्षी रात्री गुपचूप भुताच्या वाड्यात शिरला होतात, जी आता आईविना, आजारी बापाला सांभाळत डोंगरातल्या गावात राहतेय आणि तुम्ही दुसरीशी लग्नाला निघालात तर स्वतःहून मदतीला येते, तिला सोडून निळ्या केसांवर जाणाऱ्यांना माझ्या मित्रयादीत राहायचं असेल तर राहा, पण मग माझ्याकडून टीमबिल्डिंगच्या टिपा मागू नका.

फोनवर मिळतो. उभा धरून एका हाताने खेळता येतो, लोकलमध्ये दुसऱ्या हाताने दांडा पकडून सुद्धा. फक्त पँक्राझची ती लढाई ठाण्याच्या गर्दीत खेळू नका, लोक विचारतात काय झालं म्हणून.