गेलिओस

शहापुरातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा मालकांनी भंगाराच्या डब्यातून एक लेन्स काढून माझ्या हातावर ठेवली. हेलिओस 44-2. 58 मिलिमीटरची, सोव्हिएत युनियनमध्ये झेनिट कॅमेऱ्याबरोबर यायची ती. घडण मूळची जर्मन, झाइसच्या बायोटारवरून उचललेली. नाव मात्र रशियन लिपीत कोरलेलं. आमच्या बेळगावात पाट्या कुठल्या लिपीत असाव्यात यावरून आधीच पुष्कळ झालंय, त्यात ही आणखी एक आली. रशियन लोक ग्रीक 'ह'चा 'ग' करतात, म्हणून हेलिओस तिकडे 'गेलिओस' होते. आईला मी हे कौतुकानं वाचून दाखवलं.

"नावातच गेली म्हणून लिवलंय," आई म्हणाली, "मग आणलास कशाला गा?"

या लेन्सची ख्याती अशी, की माणूस मधोमध स्पष्ट येतो आणि मागची पानं त्याच्याभोवती गोल गोल फिरतात. तेवढ्यानं ज्यांचं समाधान होत नाही ते हौशी लोक पुढची काच काढून उलटी बसवतात. मग कडा पार वितळतात. करायचं काय, तर नाव कोरलेली पुढची रिंग फिरवून काढायची, काच पालथी करायची, रिंग परत लावायची. अर्ध्या तासाचं काम.

रिंगेला पकडायला खाच नसते. रबर दाबून घर्षणानं फिरवावी लागते, आणि रबर मधे पोकळ हवं, काचेला टेकता कामा नये. घरात तसं रबर एकच होतं. आईच्या हवाई चपलेची टाच मी गोल कापली, मधे भोक पाडलं. रिंग चटकन सुटली, काच उलटी झाली, वीस मिनिटांत सगळं आटोपलं. चपलेचं प्रकरण उघडकीला यायला अजून वेळ होता.

इथं थांबायला हवं होतं. पण फोकसची रिंग फिरवताना फार जड जात होती. आतलं ग्रीस चार दिवसांच्या शिळ्या कुंद्यासारखं घट्ट झालेलं. मनात आलं, आता उघडलीच आहे तर तेवढं वंगणही बदलून घेऊ. 'उघडलीच आहे तर' या तीन शब्दांपायी आमच्या घरातला एक मिक्सर आणि एक भिंतीवरचं घड्याळ याआधीच गेलेलं आहे.

फोकस रिंगेवरचे बारके स्क्रू सोडवले आणि आतल्या दोन नळ्या एकमेकींतून फिरवत बाहेर काढल्या. या नळ्यांचे आटे नेमके ज्या ठिकाणी सुटतात तिथं खूण करायची असते, हे मला माहीत होतं. अडाणी नव्हे मी. बायकोच्या नेलपॉलिशनं दोन्ही नळ्यांवर सुरेख लाल ठिपके दिले. आणि मग जुनं ग्रीस जावं म्हणून दोन्ही नळ्या वाटीभर थिनरमध्ये बुडवल्या.

थिनर छान गुलाबी झालं.

ते गुलाबी का झालं हे कळायला मला दोन मिनिटं लागली. बायकोला एक सेकंद लागला. "अहो, नखांवरचं ज्यानं निघतं त्यातच बुडवलात की," ती म्हणाली, आणि बाटलीत किती उरलंय ते उजेडात धरून बघू लागली.

नळ्या पुन्हा बसवल्या तर बसल्या. आनंदानं लेन्स कॅमेऱ्याला लावून गच्चीवर गेलो. आमच्या वडगावच्या गच्चीवरून येळ्ळूरचा राजहंसगड दिसतो. लेन्सवर जिथं आडवा आठ कोरलेला असतो तिथं रिंग नेली, की अनंतापर्यंतचं सगळं स्पष्ट दिसायला हवं. अनंत म्हणून मी राजहंसगड धरला. गडाच्या जागी धुरकट पिठलं दिसलं. रिंग मागे-पुढे केली. स्पष्ट दिसत होती ती शेजारच्या काकूंची दोरीवरची साडी. त्यापलीकडे माझ्या लेन्सला जग नव्हतं.

उतरलो, उघडली, नळ्या दुसऱ्या जागी धरून फिरवल्या, पुन्हा गच्चीवर. या खेपेला साडीही गेली, कठड्यावरची तुळस तेवढी उरली. असं सहा वेळा झालं. सहाव्या खेपेला काकूंनी न बोलता साडी काढून आत नेली. आणि त्याच मुहूर्तावर पावसानं गडच पुसून टाकला. बेळगावचा जुलै, गड पुन्हा दिसला तो पाचव्या दिवशी. तोवर लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवली होती, दमटपणानं काचेला बुरशी धरू नये म्हणून.

सहाव्या दिवशी उद्यमबागेत गेलो. तिथं ओळखीचे एक टर्नर मामा आहेत. हयात लेथवर गेलेली. त्यांनी हात पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नळी दिव्याकडे धरली.

"मल्टिस्टार्ट हाय न्हवं ह्ये," मामा म्हणाले. "खूण केल्तास का न्हाई?"

"केली होती."

"मग?"

मी काही बोललो नाही.

मामांनी टपावरची लोणच्याची बरणी घेतली. त्या रुंद तोंडाच्या बरणीचं झाकण कुठूनही धरा, लगेच बसतं. कारण आटे एका जागी नव्हे, चार जागी सुरू होतात. बरणीला त्यानं काही बिघडत नाही. लेन्समध्ये मात्र प्रत्येक तोंडाला नळीची उंची वेगळी येते. या जातीच्या लेन्सची बैठक फिल्मपासून 45.46 मिलिमीटरवर असते. शंभराव्या हिश्श्यापर्यंत मोजलेला हिशेब, आणि मी तो तुळशीपाशी आणून सोडलेला.

मामांनी एकेक तोंड धरून नळी बसवली, दर वेळी व्हर्निअर लावून खडूनं फरशीवर आकडा लिहिला. मी शेडच्या दारात उभा राहून लांबच्या पाण्याच्या टाकीवर कॅमेरा धरायचा आणि "नाही" म्हणायचं. चौथ्या वेळी टाकीवरची कन्नड अक्षरं लख्ख दिसली. मी ओरडलो. मामांनी नळीवर अणकुचीदार सळईनं रेघ ओढली. "आता कशात बी बुडव," म्हणाले.

पैसे घेईनात. "लेथसंगट एक फोटो काढ," एवढंच म्हणाले. काढला. उलट्या काचेनं कमाल केली होती: मधे मामांचा चेहरा, पांढऱ्या मिशीचा केस न केस वेगळा, आणि भोवती लेथ, चक, मागचं कॅलेंडर सगळं वितळून गरगरत होतं. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो.

मामांनी तो स्क्रीनवर बराच वेळ पाहिला. मग लेथकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला.

"सगळं फिरालंय गा ह्येच्यात. आण हिकडं, परत उघडूया."