सरासरीच्या पावसावर टोमॅटो पिकत नाही

‘यंदा सरासरीइतका पाऊस’ असं वाचलं की परसबागवाली मंडळी निर्धास्त होतात. होऊ नये. सरासरी धरणासाठी ठीक आहे, वांग्याच्या रोपाला तिचा काही उपयोग नाही. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 2025 मध्ये याच्या उलट, 26 मे रोजीच मान्सून मुंबईत आला आणि राज्यात ठिकठिकाणी काढणीला आलेला कांदा आणि उन्हाळी भाजीपाला पाण्यात गेला. खरा त्रास असा कमी-जास्त पावसाचा नाही, मधल्या खंडाचा, म्हणजे पाऊस दडी मारतो त्या दिवसांचा, आणि खंडानंतरच्या एकदम कोसळण्याचा आहे.

आधी हिशेब. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद वाफ्यावर 5 मिमीची सर आली तर मिळालं 15 लिटर. उघडीप पडून ऊन तापलं की भरात आलेला भाजीचा वाफा दिवसाला साधारण तेवढंच पाणी उडवतो. म्हणजे अंगण ओलं करून गेलेली ती सर एका दिवसाची सोय. तिच्यावर विसंबून आठवडाभर झारी कोपऱ्यात पडलेली असते!

दुसरं टोक म्हणजे रोज संध्याकाळी पाइपने शिंपडणारे. वरची दोन बोटं माती भिजते, मुळं वरच राहतात आणि पुढच्या खंडात तीच आधी भाजतात. त्यापेक्षा 3 × 1 मीटरच्या वाफ्याला एका वेळी 60-75 लिटर, सावकाश, खोलवर मुरेल असं द्या. पुढची पाळी कधी, हे वार बघून ठरवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. तिथे ओल लागली तर थांबा. भारी काळ्या मातीला पाच-सहा दिवस चालतात, मुरमाड किंवा कोकणातल्या तांबड्या मातीला दोन-तीन. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर आधी हलकी खुरपणी करून त्या बुजवा, नाहीतर दिलेलं पाणी मुळांना चुकवून थेट खाली जातं. ‘एक कोळपणी (वरची माती हलवून मोकळी करणं) म्हणजे अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतो ते उगाच नाही.

आता टोमॅटो, कारण सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले त्यालाच मिळतात. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग दिसला की बागकामाच्या प्रत्येक ग्रुपवर एकच उत्तर: कॅल्शियम फवारा, अंड्याची टरफलं घाला. घाटावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असतं. ते फळापर्यंत पोचतं पाण्याबरोबर, आणि पाणीच कधी आहे, कधी नाही असं झालं की फळाचं टोक उपाशी राहतं. टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, तोवर टोमॅटोचा हंगाम संपतो. फळ तडकतं तेही यामुळेच: खंडात साल निबर होते, मग जोराची सर येते, आतला गर फुगतो आणि साल फाटते. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर रंग धरलेली फळं आधीच तोडून घरात पिकवा. डाग पडलेलं फळ झाडावर ठेवून काही मिळत नाही.

आच्छादनाबद्दल थोडं वादग्रस्त बोलतो. उसाचं पाचट, वाळका पाला, भुसा, जे असेल ते दोन-तीन इंच जाड पसरा, पण माती भिजलेली असतानाच. कोरड्या मातीवर घातलं तर हलक्या सरी त्यातच अडकतात. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. आणि झड लागली की सरळ बाजूला ओढा. ‘आच्छादन बारा महिने’ हा आग्रह पावसाळ्यात गोगलगायी पाळण्याचा उद्योग आहे.

पाणी साचलं की गंमत उलटी होते. मातीत हवा राहत नाही, मुळं गुदमरतात आणि झाड माना टाकतं, अगदी तहानल्यासारखं. ते बघून आणखी पाणी ओतलं जातं! दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरलं तर काळजी नाही. सकाळीही मान खाली असेल तर बोट घालून पाहा. चिखल लागला तर चर काढून पाणी काढा, वापसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर आणि भुसभुशीत होईपर्यंत, वाफ्यात पाय ठेवू नका आणि खत देऊ नका. मूठभर माती दाबून गोळा करा, छातीच्या उंचीवरून टाका. फुटून विखुरला तर वापसा आला. नंतर पानं पिवळट दिसतात कारण नत्र वाहून गेलेलं असतं, तेव्हा थोडं गांडूळखत पुरे. मिरची-वांग्यासाठी जूनमध्येच अर्धा फूट उंच गादीवाफे केले असतील तर यातलं निम्मं टळतं.

गच्चीवाल्यांसाठी एकच. भर पावसातही कुंडी आतून कोरडी असू शकते, कारण दाट पानं पाणी बाहेर उडवतात आणि सुकलेलं कोकोपीट पाणी धरत नाही. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा.

आणि खंडात ताण बसलेल्या वेलावरचा दुधी किंवा काकडी चिरल्यावर एक तुकडा चाखा. कडू लागला तर थुंका आणि फळ फेकून द्या. तो कडूपणा शिजवून जात नाही, आणि कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.