पाऊण टनाची गाडी, काडीभर कोथिंबीर

भाजीची फिरती गाडी भरण्याचं शास्त्र आणि ती विकण्याचं शास्त्र यांचं जन्मात पटत नाही. भरताना जड माल तळाला: बटाट्याची 50 किलोची पोती, कांदा, बेळगुंदीकडची रताळी. त्यावर वांगी, ढबू मिरची, काकडी. सगळ्यांत वर टोमॅटोचे क्रेट आणि पालेभाजी. एवढं शिस्तीत भरून आम्ही बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत थांबतो आणि पहिलीच काकी म्हणते, "अण्णा, बटाटा बगू की."

यावर उपाय एकच. मागच्या फाळक्याशी पायऱ्यांचा लोखंडी रॅक बसवायचा, त्यात प्रत्येक मालाचा एकेक क्रेट, उघडी बाजू गिऱ्हाइकाकडे. साठा आत. कांदा-बटाटा एकमेकांना खेटून ठेवायचे नाहीत. पिकलेल्या केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो, त्यामुळे शेजारची मेथी पिवळी पडते. वाईट संगत भाजीलाही लागते.

कोथिंबिरीवर पाणी मारण्याचा मोह आवरा. वरून गोणपाट घालायचं, तेही भिजवून घट्ट पिळलेलं. पेंडीच्या गाभ्यात पाणी मुरलं की उन्हात ती आतून उकडते. वरून टवटवीत, दोरा सोडला की काळी. मग काकी आपल्याकडे अशा नजरेने बघते, की जणू आपणच रात्रभर बसून ती काळी केली.

काट्याचं वेगळं. रस्ता गटाराकडे उतरलेला, म्हणून काटाही तिरका. पायाचे स्क्रू फिरवून पाणसळीचा बुडबुडा गोलात आणायचा, मगच तोलायला घ्यायचं. वर्षातून एकदा वजन-माप खात्याचा शिक्का हवाच. गिऱ्हाइकाला शिक्क्याचं कौतुक नसतं. "काटा बरोबर हाय न्हवं?" असं विचारत हात मात्र वजन झाल्यावर आणखी दोन मिरच्या टाकतो.

भाव मार्केट यार्डातल्या सकाळच्या सौद्यावर धरतो, पण किलोमागे 40, 60, 80 असाच लावतो. पाव किलोला सरळ 10, 15, 20 होतात. 50 लावला की साडेबारा आले, आणि त्या अर्ध्या रुपयावर गल्लीची ग्रामसभा भरते. शेवटी तो कोथिंबिरीतच फिटतो. भोंगा एकदा मराठीत ओरडतो, एकदा कन्नडात. वर फुकट कोथिंबीर मागण्याचा सूर दोन्हीकडे एकच. तेव्हा फुकटात वाटायच्या पेंड्या सकाळीच बाजूला काढायच्या आणि त्यांचे पैसे वांग्याच्या भावात घालायचे. हे गल्लीत बोलायचं नसतं.

संध्याकाळी मऊ पडलेल्या टोमॅटोचे दहा-दहा रुपयांचे वाटे लावायचे. उघड्यावर लावले तर या वाट्यातला चांगला उचलून त्या वाट्यात ठेवला जातो, आणि शेवटच्या वाट्यात सगळे चेपलेलेच उरतात. म्हणून पिशवीत गाठ मारून ठेवायचे. अक्का गाठ सोडून बघणारच, म्हणून ती सैल मारलेली बरी. निदान पिशवी तरी फाटत नाही.