क्रुसेडनी युरोपला विद्या दिली? सनावळ्या तपासा

क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेम मुसलमानांकडून घेण्यासाठी युरोपातल्या ख्रिस्तींनी काढलेल्या धर्मयुद्धांना, गेलेले सैनिक अरबांकडून अंक, वैद्यक आणि व्यापार घेऊन परतले नि त्यातूनच युरोप जागा झाला, असा दावा सर्रास फिरतो. सनावळ्या लावल्या की तो ढासळतो.

आधी अंक, कारण ते मूळचे भारतातले. पोपने पहिल्या क्रुसेडची हाक दिली १०९५ मध्ये. उत्तर स्पेनमधल्या एका मठाच्या हस्तलिखितात हे अंक ९७६ सालीच दिसतात, नऊच, शून्याविना. शून्यासकट हिशेबाची रीत १२०२ च्या ग्रंथात मांडणारा इटलीतल्या पिसाचा गणिती फिबोनाची ती शिकू लागला आजच्या अल्जीरियातल्या बुजिया बंदरात, जिथे त्याचे वडील पिसाच्या व्यापाऱ्यांचं जकातीचं काम बघत. रणांगणाचा इथे संबंधच नाही.

वैद्यक? अरबी वैद्यकग्रंथांची लॅटिन भाषांतरं दक्षिण इटलीत अकराव्या शतकातच सुरू झाली होती. पुढचं मोठं केंद्र स्पेनमधलं तोलेदो. क्रेमोनाच्या जेरार्डने तिथे सत्तरच्या आसपास ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. ‘तोलेदोही ख्रिस्ती राजाने मुसलमानांकडून १०८५ मध्ये लढूनच घेतलं ना?’ हा आक्षेप रास्त आहे. पण शहर तहाने हाती आलं; ग्रंथ शाबूत राहिले, अरबी जाणणारे ज्यू आणि ख्रिस्ती तिथेच राहिले. भाषांतराला हेच लागतं. क्रुसेडरांच्या ताब्यातल्या अँटिऑक शहरातही (आजच्या तुर्कस्तानात) ११२७ मध्ये एका मोठ्या वैद्यकग्रंथाचं भाषांतर झालं, हे मान्य. पण तो अपवाद.

व्यापार? व्हेनिसला बायझंटाइन साम्राज्यात (पूर्वेकडचं ख्रिस्ती साम्राज्य, राजधानी कॉन्स्टँटिनोपल) जकातमाफी मिळाली १०८२ मध्ये, म्हणजे तीही आधीच.

मग क्रुसेडनी मागे ठेवलं काय? १०९६ मध्ये, पूर्वेकडे कूच करतानाच, जमावांनी वर्म्स आणि माइन्झच्या ज्यूंची कत्तल केली. ११८८ मध्ये इंग्लंडात उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा दहावा हिस्सा क्रुसेडसाठी कर म्हणून बसला. क्रुसेडला निघणाऱ्याला सूट. दक्षिण फ्रान्समध्ये तर ख्रिस्ती पाखंड्यांविरुद्धच क्रुसेड निघालं: १२०९ मध्ये बेझिए शहर कापून काढलं, १२२९ च्या तहाने लांगदोक हा तिथला प्रदेश फ्रेंच राजसत्तेच्या पकडीत आला आणि पाठोपाठ पाखंड्यांना हुडकून शिक्षा देणारे धर्मन्यायाधीश आले.

सर्वांत खोल जखम १२०४ ची. चौथ्या क्रुसेडने जेरुसलेमऐवजी ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटलं. पूर्व आणि पश्चिम चर्चमधली फूट त्यानंतर सांधली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ मध्ये अथेन्सला जाऊन क्षमा मागितली, २००४ मध्ये दोन संतांचे अवशेष पूर्वेच्या चर्चला परत केले. १२०४ च्या लुटीत नेलेले ब्राँझचे चार घोडे मात्र व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्येच आहेत.