टाकी फुल्ल

1 जूनला मासेमारी बंद होते आणि माझ्या अंतराळयानावर तांडेल चढतो.

हा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, माझा सख्खा मामा. मालवणच्या किनाऱ्यावर त्याची बोट एकदा झापांनी शाकारली की 31 जुलैपर्यंत, म्हणजे नियमाने मोजून 61 दिवस, त्याला समुद्रावर पाऊल टाकता येत नाही. जाळी सांधून होतात, पत्ते कुटून होतात, वाडीतल्या प्रत्येकाशी एकेकदा भांडूनही होतं. मग तो चहाचा कप घेऊन माझ्या मागच्या खुर्चीत येऊन बसतो. बाहेर धो धो पाऊस, आत मी, आणि माझ्या मानेला लागून एक जाणकार.

मी संगणकावर खेळतो त्या खेळाचं नाव एलिट डेंजरस. 2014 सालचा आहे. त्यात आपली आख्खी आकाशगंगा आहे, खऱ्या मापाची, सुमारे 400 अब्ज तारकाप्रणालींची. तुम्हाला एक यान देतात आणि मोकळं सोडतात. व्यापार करा, दरोडे घाला, नाहीतर माझ्यासारखं उगीच भटका. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत जायचं, एवढंच. उडी किती लांब बसणार हे यानाच्या एकूण वजनावर ठरतं, आणि त्या वजनात टाकीतलं इंधनही धरतात. आमच्या घरातल्या सगळ्या कटकटीचं मूळ या एका नियमात आहे.

कारण मामाचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान दोन शब्दांत संपतं. टाकी फुल्ल.

"टाकी अर्धीच कित्याक भरलंस?"

"वजन वाढता, मामा."

"मेल्या, डिझेलचा कसला वजन? डिझेल संपला काय वजन पण संपता, आणि मगे तू पण संपतस!"

(यानात डिझेल नसतं, हायड्रोजन असतो. पण हा खुलासा केला की मामा हायड्रोजनचा लिटरचा भाव विचारतो, म्हणून आमच्यात डिझेलच चालतं.)

मी त्याला आकडे दाखवले. माझं यान इंधनाशिवाय 350 टनांचं. टाकी 32 टनांची. टाकी काठोकाठ भरली तर एका उडीत साधारण 32 प्रकाशवर्षं कापतो. तेच टाकीत तळाला 5 टन उरलं, म्हणजे जेमतेम एका मोठ्या उडीपुरतं, तर साडेचौतीसच्या थोडं वर. हिशेब सरळ आहे, वजन दुप्पट केलं की उडी निम्मी. मामाने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "म्हणजे डिझेल जेवढा कमी, तेवढी तू लांब जातस?" मी म्हटलं, "एका उडीत, हो." "आणि दुसऱ्या उडीत?" या प्रश्नावर मी नकाशा मोठा करून दाखवला. अडचणीत आलेला माणूस नकाशाच दाखवतो.

यानाचं जाऊ द्या, खऱ्या रॉकेटची दशा याहून वाईट. इंधन उचलायला इंधन लागतं, आणि ते इंधन उचलायला आणखी इंधन. त्सिओल्कोव्स्की नावाच्या रशियन शाळामास्तराने 1903 साली हे गणित छापून ठेवलंय. माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न-5 उडालं तेव्हा त्याच्या वजनातले दहापैकी जवळपास नऊ हिस्से नुसतं इंधन आणि ते जाळायला लागणारा प्राणवायूच होता. हे सांगितल्यावर मामाने एकच शंका काढली. "मगे माणसा खय बसली?"

तर सांगत होतो ते दोन-अडीच प्रकाशवर्षांबद्दल. एवढ्याशा फरकासाठी कोण जीव टाकतो, असं वाटेल. पण आकाशगंगेच्या कडेला जाल तसे तारे विरळ होत जातात. नकाशावर मार्ग मागितला की केशरी रेघ एका ताऱ्यापर्यंत येते आणि तिथेच तुटते. पुढे काळोख, आणि त्या काळोखापलीकडे एक बारकासा लाल तारा, साडेचौतीस प्रकाशवर्षांवर. टाकीत वीसेक टन इंधन आहे म्हणून मला तो मिळत नाही. सात टनांच्या खाली आलो तर मिळेल. म्हणजे करायचं काय, तर तेरा-चौदा टन इंधन जाळायचं.

त्याची युक्ती अशी की मागच्या ताऱ्यावर जायचं आणि परत यायचं. तेही लांबात लांब उडी मारून, कारण माझ्या इंजिनाला दुप्पट अंतराच्या उडीला साडेपाचपट इंधन लागतं. चार पैसे वाचवायचे असतील तर छोट्या छोट्या उड्या, उधळायचे असतील तर एकदम मोठी. मी उधळायला बसलो होतो. गेलो, आलो. पुन्हा गेलो.

"ह्या काय चललाहा? थयच जातस, थयसूनच येतस?"

"डिझेल जाळतंय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

मामाने कप खाली ठेवला. डिझेलच्या सरकारी परताव्याची वाट बघण्यात ज्याची दाढी पांढरी झाली, त्याच्या डोळ्यांदेखत मी टनावारी इंधन फुकत होतो. माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही असं ठरवून त्याने थेट वरच्या कोर्टात धाव घेतली. "गो ताई, बघ तुझो झील काय करता तो!"

आई खोबऱ्याने माखलेला हात तसाच घेऊन बाहेर आली. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "फुकट मिळता काय रे डिझेल?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, की हो, फुकटच मिळतं. ताऱ्याच्या अगदी जवळून यान नेलं की पोटाखालचा स्कूप उघडतो आणि ताऱ्यातलाच हायड्रोजन टाकीत यायला लागतो. फार जवळ गेलं तर यान तापतं, तेवढं सांभाळायचं.

"फुकट मिळता, तर मगे फुल्ल करून घी की!"

या वाक्याला जगातल्या कुठल्याही भौतिकशास्त्रज्ञाकडे उत्तर नाही. आई पुन्हा विळीवर जाऊन बसली. मामाने विजयी मुद्रेने कप उचलला.

उडी मी मारलीच. पलीकडे पोचलो तेव्हा टाकीत दोन टन उरले होते आणि समोर लाल तारा भक्कन उजळला. तो लाल आहे हे आधी बघूनच निघालो होतो, कारण सगळेच तारे इंधन देत नाहीत. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या वर्गांतले देतात, आणि माझा लाल तारा एम वर्गातला. तपकिरी बटू देत नाहीत, पांढरे बटूही देत नाहीत. न्यूट्रॉन ताऱ्याची तर तऱ्हाच वेगळी. इंधनाचा थेंब देणार नाही, पण त्याच्या झोतात शिरून आलात तर पुढची एक उडी चौपट लांब करून देतो. मामाला हा तारा फार आवडला. आमच्या नात्यात असा एक माणूस आहे, असं तो म्हणाला आणि नाव सांगायच्या आत आईने त्याला आतून हाक मारली.

एवढं होऊनही त्याने माघार घेतली नाही. स्कूप टाकी भरत होता तोवर त्याने यानाच्या सामानाची यादी वाचून काढली. खाडीत बोट रिकामी करायला उभा राहतो तसाच, एकेका वस्तूवर बोट ठेवत.

"ही बंदूक कित्याक?"

"दरोडेखोर इले तर?"

"हयसर माणूस खय हा? आणि ह्यो एवढो मोठो डबो?"

"मालाचा. रिकामा हा."

"रिकामो डबो घेवन फिरतस आणि डिझेल फेकतस? वजन कमी करूचा तर बर्फ कमी घी, जाळा कमी घी. डिझेलाक हात लावूचो नाय."

आता गंमत अशी की दूरवर भटकणारे सगळे मुरलेले खेळाडू हेच करतात. बंदुका उतरवतात, आणि बरीचशी यंत्रं ‘डी’ दर्जाची बसवतात, कारण सगळ्यांत हलकी तीच. मामाने यातलं काही वाचलेलं नव्हतं. पुढच्या बंदरात बंदुका काढल्या. त्याचं समाधान झालं. टाकी मात्र मी अर्धीच भरली, त्याची पाठ वळल्यावर.

पण त्याचा मुख्य प्रश्न उभाच होता. "समजा, संपला मगे?"

मग सांगावं लागलं. इंधन संपलं की यानातला प्राणवायू मोजका उरतो. स्वस्त यंत्रणा असेल तर 5 मिनिटं, भारी असेल तर 25. अशा वेळी ‘फ्युएल रॅट्स’ना हाक मारायची. हे खेळाडूच, 2015 पासून हेच काम करतात. अडकलेल्याकडे यान घेऊन येतात आणि इंधन देऊन निघून जातात. आजवर एक लाखाहून जास्त जणांना त्यांनी सोडवलंय. प्राणवायूचं घड्याळ चालू झालं असेल तर ते आधी सांगतात, की खेळातून बाहेर पड, आम्ही जवळ आलो की आत ये.

मामा बराच वेळ गप्प होता.

"म्हणजे मधल्या समुद्रात बंद पडलंय, तर घराक येवन झोपायचा. आणि ओढूक कोण इलो, काय परत होडीत जावन बसायचा?"

"तसाच."

"आणि पैशे किती घेतत?"

"काय नाय. फुकट."

"डिझेल फुकट?" त्याचा आवाज चढला. "बंद पडलेली होडी आमी पण ओढून हाडतव. पण डिझेलाचे पैशे मागतव! तेंचो नंबर घेवन ठेय."

"मामा, ती माणसा खयच्या खय देशांत बसलेली असतत. नंबर घेवन तू काय करतलस?"

"असांदे. आमचो बर्फवालो तरी खय फोन उचलता? पण नंबर हा ना माझ्याकडे!"