अपील केलं की शिक्षा वाढते म्हणे!

'ज्येष्ठ वकिलांचा मोलाचा सल्ला' असा एक मेसेज फिरतोय. वकील कोण, अर्थातच पत्ता नाही. आत्याच्या फोनवर तो पोचला आणि तिने मुलाच्या अपिलाचा विषयच बंद केला. सात वर्षांच्या शिक्षेची दहा वर्षं झाली तर, म्हणे. म्हणून हे लिहावं लागतंय.

"अपील केलं की वरचं कोर्ट चिडून शिक्षा वाढवतं." साफ खोटं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याचं, कलम 427 काढून वाचा. जुन्या सीआरपीसीत हेच 386 होतं. शिक्षेविरुद्धच्या अपिलात कोर्ट आरोपीला निर्दोष सोडू शकतं, खटला पुन्हा चालवायला सांगू शकतं, गुन्ह्याचं कलम बदलू शकतं, शिक्षाही बदलू शकतं. पण वाढवायची नाही, हे तिथेच लिहिलंय. चिडण्याची तरतूद मला तरी सापडली नाही.

हो, शिक्षा कमी पडली म्हणून सरकारने वेगळं अपील केलं, किंवा हायकोर्टाने स्वतःहून नोटीस काढली, तर ती वाढू शकते, तीही आरोपीचं म्हणणं ऐकूनच. पण तुम्ही घरी गप्प बसलात तरी हे होऊ शकतं! मग न करून मिळवलं काय?

"अपील जिंकलं म्हणजे निर्दोष." नेहमी नाही. जुन्या आयपीसीतल्या खुनाच्या 302चं सदोष मनुष्यवधाचं 304 झालं, जन्मठेपेची दहा वर्षं झाली, तरी वकील पेढे मागतो. माणूस दोषीच राहतो. कधी सगळंच पहिल्यापासून. 2002च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी प्रकरणात आरोपींच्या सुटकेविरुद्धचं अपील 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात यशस्वी झालं, ते खटला मुंबईत नव्याने चालवण्यापुरतं. 2006 मध्ये तिथे नऊ जण दोषी ठरले, 2012 मध्ये हायकोर्टाने त्यातले पाच सोडले.

"सुटलात की सरकार भरपाई देतं." कुठल्या कायद्याने? नाशिकच्या एका खून प्रकरणात 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशीच्या सहा जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले, पण तो त्या खटल्यापुरता आदेश.

मेसेजमध्ये नसलेली कामाची गोष्ट: सत्र न्यायालयाने दिलेल्या कैदेविरुद्ध हायकोर्टात जायला 60 दिवस असतात, निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळून. आत असलेला माणूस तुरुंग अधीक्षकांकडेच अपील देऊ शकतो, आणि वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.